मेरोचा रकाना

आमच्या घरात हात आधी उठतो, तोंड मागाहून चालतं. कौतुकाने सांगत नाही. पण पुढे जे सांगायचंय ते या हाताचंच आहे, त्यामुळे लपवण्यात अर्थ नाही. बाबा गिरणीत होते. गिरणी बंद पडली, आम्ही चारकोपला सेक्टरमधल्या घरात आलो, आणि बाबांचा राग त्या दीड खोलीत मावेना. दाराच्या मागे खुंटीला पट्टा असायचा. 'कानाखाली जाळ काढीन' हे वाक्य आम्ही रोज ऐकायचो, आणि ते नुसतं वाक्य नसायचं.

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. बाबांचा हात खुंटीकडे गेला की तो मला पलंगाखाली ढकलायचा आणि स्वतः समोर उभा राहायचा. माझ्या वाटणीचाही मार तोच खायचा. एकदा बक्कल भुवईवर बसलं, रक्त गळून फरशीवर पडलं, तरी पठ्ठ्या हलला नाही. पलंगाखालून मला त्याची फक्त पावलं दिसायची. ती कधी मागे सरकली नाहीत. भुवईवरची ती खूण त्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत होती.

दादा दहावीनंतर चारकोपच्याच इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका गाळ्यात पॉवर प्रेसवर लागला. पत्र्याचे तुकडे दाबून डबीची झाकणं काढायची. मला मात्र त्याने शिकवलं. मी लॅब टेक्निशियन झालो आणि अंधेरीतल्या एका मोठ्या हॉस्पिटलात जंतूंच्या विभागात चिकटलो. आता वीस वर्षं झाली.

माझं काम सोपं करून सांगतो. पेशंटचा पू, लघवी, रक्त आमच्याकडे येतं. आम्ही त्यातले जंतू बशीत वाढवतो आणि वर औषधांच्या छोट्या गोल चकत्या ठेवतो. जे औषध चालतं त्याच्या चकतीभोवती मोकळं वर्तुळ पडतं. जे चालत नाही त्याच्या चकतीला जंतू पार चिकटून वाढतात, अगदी खिजवल्यासारखे. चालतं ते 'एस', चालत नाही ते 'आर'. एवढाच रिपोर्ट, पण डॉक्टर त्यावर औषध बदलतात. तो रिपोर्ट मी आयुष्यात कधी चुकीचा दिलेला नाही. कोणाचा बाप समोर उभा राहिला असता तरी दिला नसता.

मग ते पोर्टल आलं. हेच एस आणि आर रोज ऑनलाइन भरायचे, म्हणजे कुठल्या शहरात, कुठल्या हॉस्पिटलात कुठलं औषध निकामी होत चाललंय ते सगळ्यांना दिसेल. प्रत्येक हॉस्पिटलाचं एक पान. प्रत्येक औषधासमोर रंग. हिरवा म्हणजे औषध चालतंय, पिवळा म्हणजे जपून, लाल म्हणजे विसरा. कल्पना झकास होती, मी नाही म्हणत नाही. पण भरणारा मी होतो.

मेरोपेनेम म्हणून एक इंजेक्शन आहे. वॉर्डात त्याला मेरो म्हणतात. बाकीची औषधं हरली की हे काढायचं. त्या मेरोच्या रकान्यात मी 'आर' टाकला की पडद्यावर पिवळी चौकट यायची. दुसऱ्या पद्धतीने तपासा, बशीचा फोटो चढवा, मोठ्या लॅबला नमुना पाठवा, इनचार्जची मंजुरी घ्या. तोवर ओळ सेव्ह होणार नाही. आणि ओळ सेव्ह झाली नाही तर पान पुढे जात नाही. आणि पान दहा मिनिटं थांबलं की साला बाहेरच फेकायचं, सगळं परत पहिल्यापासून. आमच्याकडे 'आर' काय एखाददुसरा यायचा का? रोज यायचे.

मी माऊस भिंतीवर फेकून फोडला. महिन्याभरात दुसराही फोडला. एकदा मॉनिटरला असा ठोसा मारला की काच तडकली आणि दोन बोटांची सालं निघाली. इनचार्ज मॅडम म्हणाल्या, घरी जा, बीपी तपासून घे. पोर्टलच्या मदतीच्या नंबरवर एक मुलगी असायची, कुठल्या तरी दुसऱ्या शहरातली. तिला मी एके दिवशी इतकं टाकून बोललो की ती फोनवर रडायला लागली. त्याची मला आजही लाज वाटते. माऊसची वाटत नाही.

त्याच दिवशी मला युक्ती सापडली. मेरोचा रकाना रिकामा सोडायचा. काहीच भरायचं नाही. चौकट येत नाही, ओळ सेव्ह होते, पान पुढे सरकतं. मी उडालोच. लॅबमधल्या बाकी दोघांना बोलावून दाखवलं, त्यांनी मला चहा पाजला. दीड वर्ष आम्ही तिघं असंच भरत होतो. आमची नोंद कधी थकली नाही, मॅडमचं मीटिंगमध्ये कौतुक झालं आणि त्यांनी लॅबमध्ये पेढे वाटले. मी दोन खाल्ले.

आता यातली गोम सांगतो. पोर्टल रिकामा रकाना मोजत नाही. मेरो चालत होतं तिथे आम्ही 'एस' भरत होतो, चालत नव्हतं तिथे काहीच नाही. त्यामुळे आमच्या पानावर मेरो कायम हिरवंगार. हे मला कळत नव्हतं असं नाही. पण पेशंटचा रिपोर्ट तर मी खरा देतोय ना, मग हे पान बघतो कोण? वरच्या लोकांना दाखवायला आहे ते, असं मी धरून चाललो होतो. आमच्याच इमारतीत तीन मजले वर कोणी ते उघडून बसेल हे डोक्यात आलं नाही.

गणपती नुकतेच होऊन गेले होते. सकाळी अकराला गाळ्यातून फोन आला, दादाचा हात मशीनमध्ये गेला. प्रेसला हात बाहेर ठेवायची जाळी असते. माल लवकर निघावा म्हणून तिथले सगळेच ती काढून ठेवायचे. दादाही काढायचा, तो काही वेगळा नव्हता. उजव्या हाताची तीन बोटं पत्र्यासकट चपटी झाली होती. जवळच्या नर्सिंग होममध्ये नेत होते. मीच फोनवर ओरडलो, तिथे नको, आमच्याकडे आणा. हे मी बोललो. हे मला विसरता येत नाही.

टॅक्सी आली तेव्हा दादाचा हात गाळ्यातल्या पुसण्याच्या फडक्यात गुंडाळलेला होता, ऑईलने काळा आणि रक्ताने ओला. दारावरचा सिक्युरिटीवाला केसपेपर मागायला लागला. मी त्याची कॉलर धरून त्याला काउंटरवर आपटलं. दादाचा चेहरा पांढरा पडला होता, तरी मला म्हणतो, "गप रव रे. माका काय्येक होऊक नाय." मालवणी तो फक्त माझ्याशी आणि आईशी बोलायचा. आई जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती.

त्याच दिवशी ऑपरेशन झालं. दोन बोटं गेली, एक वाचवलं. दोन दिवस तो मजेत होता. वहिनी डबा आणायची, तो डाव्या हाताने जेवायचा आणि मला म्हणायचा, आता गणपतीच्या आरतीत टाळी कशी वाजवायची ते शिकव. तिसऱ्या दिवशी ताप चढला. बँडेज उघडलं तर हात मनगटापर्यंत सुजून चकाकत होता आणि टाक्यांतून हिरवट पाणी येत होतं. दुपारपर्यंत त्याला थंडी वाजून दात वाजायला लागले. आयसीयूत हलवला.

तिथे एक तरुण डॉक्टर होता. मराठवाड्याकडचा, शिकायला आलेला, आमच्याकडे येऊन महिनाही झाला नव्हता. हडकुळा, नीट बोलणारा. पू त्याने आमच्याकडे तपासायला पाठवलाच होता, पण बशी सांगेल तोवर दोन दिवस जातात आणि औषध तर लगेच सुरू करायचं असतं. तेव्हा डॉक्टर बघतात की आपल्या हॉस्पिटलात हल्ली काय चालतंय. मी आयसीयूच्या दारात उभा होतो. तो बाहेर आला आणि मला लॅबवाला म्हणून मानाने फोन दाखवला. त्यात पोर्टलवरचं आमचं पान उघडलेलं होतं.

"मेरो सुरू करतोय. हे बघा, तुमच्याच लॅबची नोंद आहे. हिरवं आहे ना?"

मी ते पान पहिल्यांदाच दुसऱ्या कोणाच्या हातात पाहिलं. दादाच्या वॉर्डातून आलेल्या नमुन्यांच्या बशा मला पाठ होत्या. मेरोच्या चकतीला घासून वाढलेले जंतू मी त्याच आठवड्यात पाहिले होते. तोंड उघडायचं होतं फक्त. पण उघडलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, मग हे हिरवं कसं, आणि त्याचं उत्तर मी होतो. वहिनी पॅसेजच्या टोकाला उभी होती, ऐकू जाणार नाही इतकी लांब, पण माझ्या तोंडाकडे बघत. मी म्हणालो, "हो, बरोबर आहे." आणि वर मानही हलवली.

मनाला काय समजावलं ते पण सांगतो. म्हटलं, दादाचा जंतू तोच असेल कशावरून. असेल साधा. मोठं इंजेक्शन आहे, लागू पडेल. दोन दिवसांत बशी येतेच आहे. असं स्वतःला थापा मारत मी खाली लॅबमध्ये आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बशीत जंतू उगवले होते. गुलाबी, जाड, तार सुटेल असे चिकट. वीस वर्षं बघतोय, ओळख पटायला चकत्या लागत नाहीत. तेव्हा तरी वर धावायचं ना? नाही गेलो. म्हटलं, अजून चकत्या लावायच्यात, पुरावा नको का. माझ्याच हाताने मेरोची चकती ठेवली. संध्याकाळी दादाला बघायला गेलो तर त्याचा हात कोपरापर्यंत काळानिळा, नळ्या लावलेल्या, आणि तो मला ओळखत नव्हता. मी त्याच्या पायाशी उभा राहिलो. चादरीतून पावलं बाहेर आली होती. मी ती झाकली आणि निघून आलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी बशी उघडली. मेरोच्या चकतीभोवती केसाइतकीही जागा नव्हती. मी ती बशी हातात तशीच धरून तीन मजले जिना चढलो. डॉक्टरने एक नजर टाकली आणि जागच्या जागी औषध बदललं. मला एका शब्दाने बोलला नाही. उलट म्हणाला, बरं झालं तुम्ही स्वतः आणलीत. दुपारी साडेतीनला दादा गेला.

आयसीयूच्या बाहेरचा पॅसेज अरुंद आहे. तिथे वहिनी होती, गाळ्यातले आठदहा जण होते, सेक्टरमधले शेजारी होते. तापलेले सगळे. बोटं चेंगरली म्हणून आलेला माणूस मरतो कसा, हा त्यांचा प्रश्न होता, आणि प्रश्न चुकीचा नव्हता. कोणीतरी खुर्ची लाथाडली. कोणीतरी डॉक्टरला बाहेर बोलवा म्हणून काचेच्या दारावर मुठी मारत होता. सिस्टर डॉक्टरला आतच थांब म्हणत होत्या. पण तो आला. शिकलेलं पोरगं, त्याला वाटलं नीट समजावलं की माणसं ऐकतात.

तो वहिनीसमोर उभा राहिला, हात जोडून. म्हणाला की जंतू फार वाईट होता, त्याच्यावर मेरो चाललं नाही. वहिनीने विचारलं, मग ते दिलंच कशाला. तो म्हणाला, "ताई, मी चार्ट बघूनच दिलं होतं. यांनाही दाखवलं होतं, विचारा यांना, यांनीच मला..."

मी मारली. पूर्ण ताकदीनिशी, उजव्या हाताने, त्याच्या डाव्या कानाखाली. तो ऑक्सिजनच्या ट्रॉलीवर आपटला आणि खाली गेला. मग बाकीचे तुटून पडले. सख्ख्या भावाने सुरुवात केल्यावर त्यांना परवानगीच मिळाली. गाळ्यातल्या लोकांचे पाय जड असतात, सेफ्टी बूट असतात. ते लाथा घालत होते आणि मी बाजूला होऊन भिंतीला टेकलो होतो. लोकांच्या पायांमधून मला त्याची पावलं दिसत होती, एक चप्पल निघालेली. ती हलत होती, मग हलायची थांबली. सिक्युरिटीवाले आले, ज्याची मी कॉलर धरली होती तोच पुढे होता, आणि त्यांनी डॉक्टरला ओढत आत नेलं. फरशीवर रक्ताचा पट्टा उमटला.

मला राग आला होता का? लोक तसंच समजतात. भाऊ गेला, डोकं फिरलं, हात उठला. पोलिसही तसंच समजले. खरं तर आयुष्यात इतक्या थंड डोक्याने मी कधी मारलं नव्हतं. त्याचं वाक्य पुरं व्हायला नको होतं, बस.

पॅसेजमधला कॅमेरा नावाला होता. डॉक्टर तीन दिवसांनी बोलण्याच्या स्थितीत आला. दोन बरगड्या मोडल्या होत्या, जबड्याला तार बांधली होती. त्याने जबाब दिला की गर्दी होती, पहिला हात कोणाचा ते दिसलं नाही. दिसलं होतं. मी त्याच्यापासून हातभरही लांब नव्हतो. गाळ्यातल्या चौघांना उचललं, मग जामीन झाला. मला हॉस्पिटलने रजा दिली आणि दुःखात सहभागी असल्याचं पत्र दिलं. दादाच्या बाराव्याला वहिनीने सगळ्यांदेखत माझा हात हातात घेतला. म्हणाली, घरात एक तरी माणूस निघाला त्या डॉक्टरला धडा शिकवणारा. जमलेल्यांनी माना डोलावल्या. मी भात कालवत बसलो.

कामावर परतलो तेव्हा पहिली गोष्ट केली, बशांची जुनी वही काढली. त्यात सगळं खरं लिहिलेलं होतं, प्रत्येक 'आर'. मग पोर्टल उघडून दीड वर्षाच्या एकेका ओळीत मागे गेलो आणि मेरोचे रिकामे रकाने भरायला लागलो. प्रत्येक ओळीला पिवळी चौकट. ज्यांच्या बशा टाकून झाल्या होत्या त्यांचा फोटो आणायचा कुठून, ते मॅडमना सरळ सांगितलं. मॅडमचा चेहरा उतरला. मग खुर्ची ओढून बसल्या आणि एकेका ओळीला मंजुरी द्यायला लागल्या. दर दहा मिनिटांनी ते यंत्र बाहेर फेकत होतं. मी परत आत जात होतो. माऊस फोडला नाही. महिना लागला. शेवटच्या आठवड्यात आमच्या पानावरचं मेरो पिवळं झालं आणि मग लाल.

लाल झालं त्याच्या दुसऱ्याच दिवशी दुपारी लॅबचं दार ढकलून डॉक्टर आत आला. नुकताच कामावर रुजू झालेला. गालावर टाक्यांची शिवण होती आणि चालताना एका बाजूला किंचित कलत होता. आमचे दोघं जण हातातलं काम टाकून बघायला लागले. वाटलं, आता हा मारणार, आणि मारू दे.

तो फोन घेऊन आला होता. रोज सकाळी मी हे पान उघडतो, म्हणाला, आजारी होतो तेव्हाही उघडायचो. हिरवं होतं ते एकदम लाल कसं झालं, वॉर्डात साथ आलीय का, कुठल्या पेशंटपासून सुरुवात झाली ते बघायला आलोय. त्याला वाटलं होतं नवीन काहीतरी घडलंय. मी स्टूल सरकवलं, त्याला पडद्यासमोर बसवलं आणि ओळी उघडून दिल्या. तो तारखा बघत वर सरकत गेला. दादा आला त्याच्या आधीच्या तारखा, त्याच्याही आधीच्या. प्रत्येक ओळीच्या टोकाला भरणाऱ्याची खूण असते. बहुतेक ठिकाणी माझी होती.

मग पडद्याकडे बघतच त्याने विचारलं, "मी तुम्हाला फोन दाखवला तेव्हा हे माहीत होतं?"

मी हो म्हणालो.

"मग मला का मारलंत?"

मी त्याच्या डाव्या बाजूला उभा होतो. जेमतेम पुटपुटलो की तुम्ही वहिनीसमोर ते सांगणार होतात म्हणून.

त्याने स्टूलवर वळून उजवा कान माझ्याकडे केला. म्हणाला, "या बाजूने सांगा. तो कान गेलाय."

मी परत सांगितलं. दुसऱ्या वेळी मोठ्याने सांगावं लागलं, सगळ्या लॅबने ऐकलं. तो उठला, फोन खिशात टाकला आणि वर त्याच्या वॉर्डात निघून गेला. वहिनीला सांगायचं अजून राहिलंय. दर रविवारी त्यासाठीच चारकोपला जातो. ती मला दादाच्या जागेवर जेवायला बसवते, आणि मी जेवून परत येतो.